संगणकाचे घड्याळ पुढे का गेले?



या व्याख्यानमालेसाठी आम्ही आमचा विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी काहीशा काळजीच्या सुरात विचारले, "नुसत्या घड्याळावर तासभर बोलणे होईल काय?" आम्ही म्हणालो, "निदान तास केव्हा संपला हे तरी आम्हांला कळेल." वक्त्याला ते कळत नाही हीच श्रोत्यांची नेहमीची तक्रार असते. तेव्हा आज ती तक्रार राहू नये, असा प्रयत्न आम्ही करणार आहो.

विषयाला हात घालण्यापूर्वी समोरच्या भिंतीवरील घड्याळाकडे एकदा पाहावे. ते बरोबर आहे, असे आपण सर्वजण समजतो. पण कशाच्या मानाने बरोबर? आपले परतूर सुमारे ७६ अंश १२ मिनिटे पूर्व रेखांशावर वसलेले आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखांशावरून धरली जाते. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने परतूरच्या सूर्याची वेळ आपल्या घड्याळाच्या सरासरी पंचवीस मिनिटे मागे आहे. म्हणजे भिंतीवर बाराचे ठोके पडतात, तेव्हा दुधनाकाठच्या आभाळात अकरा वाजून पस्तीस मिनिटेच झालेली असतात. १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने ही प्रमाणवेळ लागू केली. मुंबईकरांना ती मानवली नाही. त्यांनी एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' पुढे कित्येक वर्षे जतन करून ठेवली. मग त्या काळातली मुंबईची घड्याळे चुकीची होती काय? तसे म्हणता येणार नाही. घड्याळ चूक की बरोबर हे ते एकटे पाहून कधीच ठरत नाही. त्यासाठी दुसरे, सर्वांनी मान्य केलेले घड्याळ शेजारी ठेवावे लागते. ही साधी गोष्ट आपण विसरतो, आणि ती विसरल्यामुळे एका भल्या माणसावर काय प्रसंग ओढवला, ते आज सांगावयाचे आहे.

गोष्ट १९९६ सालच्या दिवाळीची. त्या वेळी आम्ही संगणक शिकविण्याचा एक लहानसा वर्ग चालवीत होतो. वर्ग कसला, तीन यंत्रे, दोन पंखे आणि वीज असेल तेव्हा शिक्षण! तालुक्यात संगणक बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतील एक मोंढ्यातील एका अडत दुकानात होता. दुकानाचे नाव आम्ही सांगणार नाही, आणि आपणही ओळखण्याचा प्रयत्न करू नये. शेटजींनी हौसेने यंत्र आणले होते आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्याच्यावर छापून निघत असे. पट्टीच्या डोक्यावर तारीख आणि वेळ आपोआप उमटे. त्या तारखेचे आणि वेळेचे शेटजींना मोठे कौतुक वाटे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते म्हणत, "आता हिशेबात कुणाला इकडचे तिकडे करता यायचे नाही."

एके दिवशी सकाळी ते पट्ट्यांच्या स्थळप्रती चाळीत बसले असता त्यांना एक पट्टी दिसली. वेळ होती रात्री बारा वाजून चाळीस मिनिटे. हंगाम असला तरी दहाच्या आत दुकानाला कुलूप लागत असे. मग मध्यरात्रीनंतर दुकान उघडून पट्टी कोणी फाडली? आणखी शोध घेता अशा चार पट्ट्या निघाल्या. चारींवर दुसऱ्या दिवसाची तारीख! त्यातच पलीकडच्या गावचा एक शेतकरी दुकानात येऊन म्हणाला, "शेट, माझा कापूस सोमवारी उतरला. पट्टीवर मंगळवार कामून?" किल्ल्या असत मुनीमजींजवळ. संशय दुसऱ्या कोणावर जाणार?

हे मुनीमजी बावीस वर्षे त्या पेढीवर होते. शेटजींनी त्यांना घालूनपाडून काही म्हटले नाही. त्यांनी एवढेच केले की, संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. अशा गोष्टी मोंढ्यात सांगाव्या लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याची चर्चा चालू होती. तिसऱ्या दिवशी मुनीमजी आमच्या वर्गात येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, त्या मशीनला विचारता येईल का हो, त्या राती मी कुठं होतो म्हणून?"

आता यंत्राला असे विचारता येत नाही. पण यंत्राची साक्ष तपासता येते. ती कशी, हे समजण्यासाठी आपण क्षणभर संगणक सोडून लग्नमंडपात जाऊ.

पूर्वी आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर साधीत. मोठ्या घंगाळात पाणी भरून, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्यात सोडावयाची. भोकातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटिका भरली. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि दिवसरात्रीच्या घटिका साठ. जोशीबुवा वाटी बुडताच ती उचलून रिकामी करीत, पुन्हा पाण्यावर ठेवीत आणि मनात मोजीत : एक, दोन, तीन. या व्यवस्थेत दोन वेगवेगळी कामे आहेत, याकडे लक्ष द्यावे. वाटी बुडते, ती मोजीत नाही. जोशीबुवा मोजतात, ते बुडत नाहीत. आता समजा, एखाद्या व्रात्य मुलाने जोशीबुवांची नजर चुकवून पहिली वाटी काढली आणि सहा मिनिटांत बुडणारी दुसरी वाटी घंगाळात सोडली. जोशीबुवांना याची वार्ता नाही. ते आपले प्रत्येक बुडीला एक घटिका मोजीतच राहणार. मुहूर्त चौपट वेगाने जवळ येणार आणि अक्षता भलत्याच वेळी पडणार! यात पाण्याचा दोष नाही, जोशीबुवांच्या प्रामाणिकपणाचाही नाही.

संगणकात हीच व्यवस्था आहे, फक्त वाटी वेगळी. त्या काळच्या संगणकात घड्याळे एक नसून दोन असत. पहिले घड्याळ बटणासारख्या गोल सेलवर चाले आणि संगणक बंद असतानाही चालू राही. त्यात गारगोटीच्या जातीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणून ती निवडलेली आहे. हातातील घड्याळातही बहुधा हाच स्फटिक असतो. असे घड्याळ चुकले तरी महिन्याकाठी एखाद-दुसऱ्या मिनिटाने चुकते.

दुसरे घड्याळ संगणक चालू झाल्यावर सुरू होई. चालू होताना यंत्र पहिल्या घड्याळाला एकदाच वेळ विचारी, आणि मग दिवसभर आपली आपण मोजदाद करी. त्यासाठी सेकंदाला ११,९३,१८२ ठोके देणारी एक यंत्रणा होती. ६५,५३६ ठोके झाले की ती एक इशारा देई. म्हणजे सेकंदाला सुमारे १८.२ इशारे. हे झाले वाटीचे बुडणे. डॉस या नावाची मूळ आज्ञाप्रणाली ते इशारे मोजून वेळ सांगे. हे झाले जोशीबुवा. पट्टीवर उमटणारी वेळ जोशीबुवांची असे, सेलवरच्या घड्याळाची नव्हे.

ही माहिती आम्हांला पुस्तकातून होती. पण पुस्तकातील माहिती आणि मोंढ्यातील यंत्र यांची गाठ घालून देणे निराळे. आमच्याआधी तिघांनी यंत्र पाहिले होते. एकाने सेल बदलला, दुसऱ्याने तो पुन्हा बदलला, तिसरा म्हणाला की विजेचा दाब कमीजास्त होतो, त्यामुळे घड्याळ पळते. सेल थकला तर घड्याळ मागे पडते, किंवा सुरू करताच कुठली तरी जुनी तारीख दाखविते. ते पुढे धावत नाही. माणूस थकला म्हणून धावू लागल्याचे कोणी पाहिले आहे काय?

आम्ही शेटजींची परवानगी काढली आणि मुनीमजींच्या हाती एक वही दिली. दर अर्ध्या तासाने दोन वेळा लिहावयाच्या : एक संगणकाची, दुसरी हातातील घड्याळाची. हातातील घड्याळ रोज सकाळी आकाशवाणीवर बातम्यांपूर्वी पडणाऱ्या ठोक्यांशी लावून घ्यावयाचे. आणि तिसरा रकाना असा की, त्या अर्ध्या तासात यंत्रावर काय काम चालले होते. दुरुस्ती काहीच करावयाची नाही. हे शेवटचे सर्वांना जड गेले. बिघाड दिसला की काहीतरी फिरवून पाहावे, असे हाताला वाटते. पण एकदम चार गोष्टी फिरविल्या आणि बिघाड गेला, तर चारांपैकी कोणती कारण होती हे कायमचे नाहीसे होते.

पहिले दोन दिवस दोन्ही वेळा जुळल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत जुळल्या. दोन ते तीन मुनीमजी जेवावयास घरी गेले, म्हणून वही कोरी. तीन वाजता परत येऊन पाहतात तो संगणकात सहा! पुढे साडेपाचला साडेआठ, आणि दुकान बंद करताना नऊ चाळीसला बारा चाळीस, पुढल्या दिवसाच्या तारखेसह. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केले तर वेळ बिनचूक.

या एका पानात सगळे उत्तर होते. सकाळी वेळ बरोबर येते, त्या अर्थी सेलवरचे घड्याळ निर्दोष आहे. दोन सेल उगाच गेले. तीनपासून नऊ चाळीसपर्यंत अंतर तीन तासांचे तीन तासच राहिले, त्या अर्थी दुसरे घड्याळही त्या वेळात नीट चालत होते. जे घडले ते दोन आणि तीन यांच्या दरम्यान घडले. आणि त्या एका तासात घड्याळ चार तास चालले, म्हणजे नेमके चौपट. हा 'नेमके'पणा फार महत्त्वाचा. झिजलेले, तापलेले, दमट झालेले यंत्र चुकते ते वेड्यावाकड्या अपूर्णांकाने चुकते. नेमके दुप्पट, नेमके चौपट, असा हिशेब आला, की ओळखावे : वाटी कोणीतरी बदलली आहे.

दोन ते तीन दुकानात कोण होते? शेटजींचा पुतण्या. तो जालन्यास कॉलेजात शिके आणि दिवाळीच्या सुटीत आला होता. त्याला बोलावून, शेटजींनी डोळे वटारण्याआधी, आम्ही हळूच विचारले, "बाबा, दुपारी यंत्रावर काय करतोस?" तो लाजून म्हणाला, "काका रागावतील. गेम खेळतो." मित्राकडून आणलेला एक खेळ होता; चित्रे पळत आणि मागे गाणे वाजे.

कारण इथे होते. सेकंदाला अठरा इशाऱ्यांवर चित्र नीट पळत नाही आणि गाणे तर अडखळतेच. म्हणून खेळ लिहिणाऱ्याने ६५,५३६ ऐवजी १६,३८४ ठोक्यांना इशारा मागितला. इशारे झाले चौपट, सेकंदाला सुमारे ७३. यात गैर काही नाही. पुष्कळ प्रोग्राम असे करीत. पण सभ्य प्रोग्राम चार इशाऱ्यांपैकी तीन स्वतःजवळ ठेवून चौथा तेवढा जोशीबुवांकडे जाऊ देतो, म्हणजे त्यांची मोजदाद बिघडत नाही. या खेळाने चारही इशारे पुढे ढकलले. खेळ संपताच त्याने जुनी वाटी पुन्हा पाण्यावर ठेवली, पण जास्तीच्या मोजलेल्या घटिका परत कोण घेणार?

आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. संशयावरून मुनीमजींना दोषी धरणे चूक, तर संशयावरून खेळाला दोषी धरणेही चूकच. शेटजींच्या समोर पंधरा मिनिटे तो खेळ चालविला; संगणकात एक तास गेला. यंत्र बंद करून सुरू केले, वेळ बरोबर. दुसरा एक खेळ पंधरा मिनिटे चालविला. पंधराच मिनिटे गेली. पहिला पुन्हा चालविला. पुन्हा एक तास. आणले की बिघाड येतो, काढले की जातो, पुन्हा आणले की पुन्हा येतो. इतके दिसल्यावर मग कारण सापडले असे म्हणावे.

शेटजी मोठ्या मनाचे. त्यांनी पेढीवर चार लोकांदेखत किल्ल्यांचा जुडगा मुनीमजींच्या हाती परत दिला आणि त्या शेतकऱ्याला नवी पट्टी करून दिली. खेळ पुसून टाकला. मुनीमजींनी किल्ल्या घेतल्या. पण त्या दिवसापासून दुकान बंद करताना भिंतीवरच्या घड्याळातील वेळ ते वहीत लिहीत आणि खाली सही करीत. शेटजी म्हणत, "आता कशाला?" मुनीमजी लिहीतच राहिले. नोकरी सोडीपर्यंत त्यांनी ती वही सोडली नाही.

आपण म्हणाल, ही जुन्या यंत्राची जुनी कहाणी; आज काय त्याचे? यंत्रे बदलली, वाटी आणि जोशीबुवा आहेतच. पुढे विंडोज प्रणाली आली. तिचे इशारे साधारणपणे सेकंदाला चौसष्ट असत, आणि गाणी किंवा चलच्चित्रे दाखविणारे प्रोग्राम ते हजारापर्यंत वाढवून मागू शकत. काही यंत्रांवर या मागणीपायी घड्याळ पुढे जाऊ लागले. त्यानंतर एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक भासविण्याची विद्या आली. तेथे बुडालेल्या वाट्यांची भरपाई दोनदा होऊन घड्याळ पळाल्याची उदाहरणे घडली. मोजण्यातील चूक किती महाग पडते याचे एक उदाहरण तर जगाला ठाऊक आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान येथे अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मारले गेले. तिचा संगणक सेकंदाच्या दशांशाने वेळ मोजी, आणि तो दशांश त्याच्या अंकपद्धतीत पूर्ण बसत नसल्याने किंचित तुटका राही. शंभर तास यंत्र अखंड चालले, आणि ती किंचित तूट एक-तृतीयांश सेकंदाची झाली. घड्याळाचा स्फटिक तेथेही निर्दोष होता.

आज आपले फोन आणि संगणक दूरच्या घड्याळाला वेळ विचारून घेतात. देशाची वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवर सांभाळली जाते. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ साली ठरली. २०२२ साली केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने संस्थांना आपले संगणक या वेळेशी जुळविण्याचा आदेशही दिला. ही सोय मोठी आहे. पण ती बिघाड झाकतेही. काही संगणक आठवड्यातून एकदाच वेळ विचारीत. सोमवारी जुळलेले घड्याळ मंगळवारी दुपारी पळाले, तर मधल्या सहा दिवसांच्या कागदांवर काय उमटले, याचा जाब कोण देणार?

आणि कागदावरील वेळ आता शोभेपुरती राहिलेली नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर शेतकऱ्याने ७२ तासांत द्यावी, असा नियम केला गेला. परीक्षेचे अर्ज रात्री बाराला बंद होतात. हजेरी अंगठ्यावर आणि मिनिटावर लागते. अशा ठिकाणी घड्याळ तीन तास पुढे गेले, तर बिघडते ते यंत्राचे नव्हे, माणसाचे.

इंग्लंडात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तेथील टपाल खात्याच्या होरायझन नावाच्या हिशेबी संगणकप्रणालीत तुटी दिसू लागल्या, आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना, मुख्यतः खेडोपाडीच्या टपालकचेऱ्या चालविणाऱ्यांना, चोरी व अफरातफरीच्या आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. तुटी प्रणालीच्या चुकांतून आलेल्या असू शकतात, हे उघडकीस येण्यास वर्षानुवर्षे लागली. २०२४ साली त्यांच्या शिक्षा रद्द करण्यासाठी तेथील पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. तेथील कायदा संगणक बरोबर चालतो असे गृहीत धरून चाले. आमचे मुनीमजी नशीबवान. त्यांना थोडेच दिवस किल्ल्यांशिवाय काढावे लागले.

आपल्याकडील कायद्याने या बाबतीत शहाणपण दाखविले आहे. संगणकातून निघालेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून ठेवावयाचा, तर त्या काळात संगणक नीट चालत होता असे प्रमाणपत्र द्यावे लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम ६५ ब होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ आहे. पण न्यायालयाच्या पायरीपर्यंत किती प्रकरणे जातात? बहुतेक निकाल दुकानात, कचेरीत, शाळेच्या मास्तरांच्या खोलीत, किल्ल्यांचा जुडगा मागून लागतात. तेथे प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. संगणकाचा कागद एखाद्या माणसाविरुद्ध बोलू लागला, तर त्याच्या शेजारी दुसरे घड्याळ ठेवा. एक वही घाला. दोन वेळा आणि त्या वेळी चाललेले काम, असे तीन रकाने आखा, आणि चार दिवस काही न फिरविता लिहा. बंद करून सुरू केल्यावर वेळ सुधारते काय, ते पाहा. फरक हळूहळू वाढतो की एकदम उडी मारतो, ते पाहा. उडी मारीत असेल तर ती नेमकी कितीपट आहे, ते काढा. मग एकेकच प्रोग्राम काढून पाहा आणि पुन्हा घालून पाहा. याला पदवी लागत नाही. आमच्या मुनीमजींचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले होते, आणि ती वही त्यांनीच लिहिली.

अध्यक्षमहाराज, समोरच्या घड्याळाप्रमाणे आमचा तास संपण्यास अद्याप पाच मिनिटे आहेत. ती आम्ही श्रोत्यांना परत करतो.